मुलांच्या तोंडातली गाठ : लेझरच्या आधी निदान

मुलाचे दात घासून देताना एखाद्या सकाळी आईच्या लक्षात येते, की खालच्या ओठाच्या आत वाटाण्याएवढा फुगा आला आहे. तो दुखत नाही, मूल नेहमीसारखे खाते-खेळते. तरीही 'गाठ' हा शब्द कानावर पडला, की घरात पहिली शंका कर्करोगाचीच येते. मग सल्ले सुरू होतात. कोणी चामखिळीला बांधतात तसा घोड्याचा केस बांधायला सांगते, कोणी चुना आणि सोडा लावायला, तर कोणी सुईने टोचून पाणी काढायला. दुसरीकडे मोबाइलवर 'लेझरने काही मिनिटांत गाठ गायब, रक्त नाही, टाके नाहीत' अशा जाहिराती दिसू लागतात.

घरगुती उपायांनी जखम चिघळते, तोंड भाजते आणि वेळ जातो. जाहिरात वाचून थेट लेझरची मागणी करणे हे त्यापेक्षा बरे, पण तेही अर्धवटच. लेझर हे उपचाराचे एक साधन आहे. ते वापरायचे की नाही, हे गाठीच्या प्रकारावर ठरते. मुलांच्या तोंडातल्या बहुतेक गाठी साध्या, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या असतात. त्यांतल्या काहींसाठी लेझर फार उपयोगी ठरते. काहींना कोणत्याच शस्त्रक्रियेची गरज नसते. आणि मोजक्या गाठी अशा असतात, की त्यांना घाईने हात लावल्यास मुलाचे आयुष्यभराचे नुकसान होऊ शकते. म्हणून आधी गाठ कसली आहे ते ठरवायचे आणि मग ती कशाने काढायची याचा विचार करायचा, हा क्रम पालकांनाही माहीत असायला हवा.

नेहमी आढळणाऱ्या गाठी

ओठ, गाल, टाळू आणि जीभ यांच्या आतल्या नाजूक त्वचेखाली लाळेच्या शेकडो बारीक ग्रंथी असतात. खेळताना पडल्यामुळे किंवा ओठ चावण्याच्या सवयीमुळे एखाद्या ग्रंथीची नळी तुटली, की लाळ तोंडात येण्याऐवजी त्वचेखाली साठत जाते. या फुग्याला म्युकोसील म्हणतात. तो मऊ, पाणीदार, किंचित निळसर असतो आणि बहुतेक वेळा खालच्या ओठावर येतो. जेवताना तो फुटतो, चिकट पाणी निघते, ओठ सपाट होतो आणि पालक निर्धास्त होतात. पण तुटलेली ग्रंथी तिथेच असल्याने काही दिवसांत फुगा पुन्हा भरतो. नव्याने आलेला छोटा म्युकोसील आपोआप जाऊही शकतो. काही आठवडे टिकून राहिलेला किंवा वारंवार भरणारा मात्र काढावा लागतो. असाच पण मोठा फुगा जिभेखाली येतो, त्याला रॅन्युला म्हणतात. बेडकाच्या फुगलेल्या गळ्यासारखा तो दिसतो म्हणून लॅटिनमधील 'छोटा बेडूक' या अर्थाचे नाव त्याला पडले. त्याचे मूळ जिभेखालच्या मोठ्या लाळग्रंथीत असते.

गाल किंवा जिभेची कड पुन्हा पुन्हा दाताखाली आली, की तिथे त्वचेच्याच रंगाची घट्ट गाठ तयार होते, तो फायब्रोमा. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी बारीक, खरखरीत, पांढरट वाढ म्हणजे पॅपिलोमा. तो एचपीव्ही विषाणूच्या, प्रामुख्याने ६ आणि ११ क्रमांकाच्या प्रकारांमुळे होतो. कर्करोगाच्या दृष्टीने हे दोन्ही प्रकार कमी जोखमीचे आहेत. हिरडीवर किंवा ओठावर झपाट्याने आलेली, लालभडक, नुसत्या स्पर्शाने रक्त येणारी गाठ बहुधा पायोजेनिक ग्रॅन्युलोमा असते. नावावरून ती पुवाची वाटते, पण तिच्यात पू नसतो. तो बारीक रक्तवाहिन्यांचा गुच्छ असतो.

तान्ह्या बाळाच्या टाळूवर कधी कधी मोत्यासारखे पांढरे कण दिसतात. ते काही आठवड्यांत आपोआप नाहीसे होतात. ते खरवडू नयेत. दात येण्याच्या जागी हिरडीवर निळसर फुगा आला, तर बहुतेकदा दात वर आला की तोही जातो. या दोन्हींसाठी लेझरही नको आणि सुरीही नको.

रक्तवाहिन्यांची गाठ

तोंडातली लाल किंवा निळी गाठ पाहिली, की डॉक्टर आधी एक प्रश्न विचारतात : ही जन्मतः होती की जन्मानंतर आली? या प्रश्नाचे उत्तर पालकच देऊ शकतात आणि त्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते.

जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत उगवणारी, काही महिने भराभर वाढणारी आणि नंतर काही वर्षांत हळूहळू विरत जाणारी गाठ म्हणजे हिमॅन्जिओमा. तिच्यासाठी आज पहिला उपचार बहुधा औषधाचा असतो. फ्रान्समधील बोर्दो येथील डॉक्टरांनी हृदयाच्या त्रासासाठी एका बाळाला प्रोप्रॅनोलॉल हे जुने औषध दिले. त्या बाळाच्या चेहऱ्यावरचा हिमॅन्जिओमा त्याने झपाट्याने मऊ आणि फिकट होऊ लागला. हा अनुभव २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर जगभर या उपचाराची पद्धतच बदलली. पूर्वी ज्या बाळांना स्टेरॉइड किंवा शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागे, त्यांतल्या अनेकांना आता तोंडावाटे द्यायच्या औषधाने बरे वाटते. या औषधाने नाडी मंदावू शकते आणि रक्तातली साखर कमी होऊ शकते. त्यामुळे ते बालरोगतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच सुरू करायचे असते आणि बाळाला उपाशीपोटी द्यायचे नसते. खालचा ओठ, हनुवटी आणि जबडा, म्हणजे पुरुषांना दाढी येते त्या भागात हिमॅन्जिओमा असेल आणि बाळाच्या श्वासाला घरघर असेल, तर श्वासनलिकेतही तशीच गाठ असण्याची शक्यता असते. अशा बाळाला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्यावे.

दुसरा प्रकार जन्मतः सदोष घडलेल्या रक्तवाहिन्यांचा किंवा लसवाहिन्यांचा. त्या विरत नाहीत, मुलाबरोबर वाढत जातात. शिरांची गाठ निळसर असते, दाबली की रिकामी होते आणि मूल रडले किंवा वाकले की भरते. लसवाहिन्यांची गाठ जिभेवर असेल, तर पृष्ठभागावर शिजलेल्या साबुदाण्यासारखे बारीक फोड दिसतात. हे दोन प्रकार वेगळे ओळखले जात नव्हते, तोवर औषधाने किंवा नुसत्या वेळेने बरे झाले असते अशा बाळांवरही शस्त्रक्रिया होत. मुलिकन आणि ग्लोवाकी या दोन संशोधकांनी १९८२ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणानंतर हा गोंधळ बराच कमी झाला.

लेझर काम कसे करते

पहिले लेझर अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये तयार केले. शस्त्रक्रियेत सर्वाधिक नाव झालेले कार्बन डायऑक्साइड लेझर त्यानंतर चारच वर्षांनी, १९६४ मध्ये आले. ते शोधणारे शास्त्रज्ञ कुमार पटेल यांचा जन्म बारामतीचा आणि अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. पुढे अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये काम करताना त्यांनी हा शोध लावला.

या लेझरच्या किरणांची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असते. ते डोळ्यांना दिसत नाहीत. पाणी हे किरण अतिशय वेगाने शोषून घेते आणि तोंडातल्या मऊ त्वचेत पाणीच जास्त असते. किरण पडताच पेशींतल्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि त्वचा कापली जाते. किरणांची शक्ती वरच्या पातळ थरातच संपत असल्यामुळे खालच्या भागाला फारसा धक्का लागत नाही. कापताना जी उष्णता तयार होते, तिने अर्ध्या मिलिमीटरपर्यंतच्या बारीक रक्तवाहिन्यांची तोंडे बंद होतात. त्यामुळे रक्तस्राव कमी होतो आणि सर्जनला जागा स्वच्छ दिसते. मुलाच्या इवल्याशा तोंडात याचे महत्त्व मोठे आहे.

दातांच्या दवाखान्यांत आज जास्त दिसते ते डायोड लेझर. त्याचे यंत्र लहान आणि तुलनेने स्वस्त असते. त्याच्या किरणांची तरंगलांबी साधारण ८०० ते ९८० नॅनोमीटरच्या दरम्यान असते आणि रक्तातील हिमोग्लोबिन व त्वचेतले गडद रंगद्रव्य ते अधिक शोषून घेतात. १,०६४ नॅनोमीटरचे एनडी-याग लेझर आणखी खोल जाते, म्हणून ते शिरांच्या गाठी आखडवण्यासाठी वापरतात. म्हणजे 'लेझर' हे एका यंत्राचे नाव नाही. लाळेच्या फुग्यासाठी चालणारे यंत्र शिरांच्या खोल गाठीसाठी चालेलच असे नाही. यंत्राची निवडही निदानावरच ठरते.

शस्त्रक्रियेच्या वेळी

समजूतदार, शांत बसणाऱ्या मोठ्या मुलाची ओठावरची छोटी गाठ जागा बधिर करून काढता येते. प्रत्यक्ष कापण्याचे काम काही मिनिटांचे असते. लहान, घाबरलेल्या मुलाला किंवा गाठ मोठी, खोल अथवा जिभेच्या मागच्या भागात असेल तर पूर्ण भूल द्यावी लागते. त्यासाठी मुलाला उपाशी ठेवायचे असते. साधारणपणे अन्न आणि गाई-म्हशीचे दूध सहा तास आधी, आईचे दूध चार तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. नेमक्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतील त्याच पाळाव्यात. 'एक घोट दूध दिले तर काय होते' हा विचार धोक्याचा आहे. भुलेत उलटी होऊन दूध फुप्फुसांत गेल्यास जिवावर बेतते.

लेझर सुरू असताना खोलीतल्या प्रत्येकाने त्या तरंगलांबीसाठीच बनवलेला चष्मा घालायचा असतो आणि मुलाचेही डोळे झाकायचे असतात. चुकून परावर्तित झालेला किरण डोळ्याला कायमची इजा करू शकतो. आजूबाजूच्या भागावर ओला गॉज ठेवतात. पूर्ण भुलेत श्वासनलिकेत नळी असते, तिच्यातून ऑक्सिजन जात असतो आणि लेझरच्या उष्णतेने नळी पेटू शकते. म्हणून लेझरसाठीची खास नळी वापरतात आणि ऑक्सिजनचे प्रमाण शक्य तितके कमी ठेवतात. पॅपिलोमा जाळताना निघणाऱ्या धुरात विषाणूचे अंश असू शकतात, त्यामुळे धूर ओढून घेणारे यंत्रही हवे. ज्या ठिकाणी चष्मे आणि धूर ओढण्याची सोय नाही, तिथे लेझरचे यंत्र असले तरी शस्त्रक्रियेची तयारी अपुरीच म्हणावी लागेल.

फायदे आणि मर्यादा

रक्त कमी येते, बहुतेक छोट्या गाठींना टाके लागत नाहीत, सूज कमी असते आणि काम लवकर आटोपते. टाके काढण्यासाठी रडणाऱ्या मुलाला पुन्हा धरून बसवावे लागत नाही. मुलांच्या बाबतीत हे फायदे खरे आहेत.

पण लेझरने काढली म्हणजे गाठ पुन्हा येणार नाही, असे नाही. म्युकोसीलचा नुसता फुगा काढला आणि तळाची ग्रंथी राहिली, तर लेझर असो की सुरी, फुगा परत येतो. रॅन्युलाच्या बाबतीत तर वारंवार त्रास झाल्यास जिभेखालची ग्रंथीच काढावी लागते. जिभेवरच्या लसवाहिन्यांच्या गाठीत लेझरने वरचे फोड जातात, मूळ खोलवर राहते. सुरीच्या जखमेपेक्षा लेझरची जखम पहिल्या काही दिवसांत थोडी सावकाश भरते. आणि अनुभवी सर्जनने साध्या ब्लेडने नीट काढलेली गाठ ही कमी दर्जाची शस्त्रक्रिया नव्हे. जवळच्या सरकारी रुग्णालयात लेझर नाही म्हणून सोपे ऑपरेशन वर्षभर लांबवण्याचे कारण नाही.

सर्वांत महत्त्वाची मर्यादा तपासणीची. लेझरने गाठ जाळून वाफ करून टाकली, तर पॅथॉलॉजिस्टकडे पाठवायला काही उरत नाही. गाठ बाहेरून साधी दिसणे आणि ती साधी असल्याचे सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध होणे, यांत फरक आहे. म्हणून शक्य तिथे गाठ न जाळता ती मुळासकट कापून अखंड काढावी आणि फॉर्मॅलिनमध्ये ठेवून तपासणीला पाठवावी. लेझरच्या उष्णतेने तुकड्याची कड काहीशी करपते, म्हणून सर्जन थोडी जागा सोडून कापतात. 'इतकी छोटी गाठ, कशाला तपासायची' असे म्हणून हा खर्च वाचवू नये.

घाईने हात लावू नये अशा गाठी

जिभेच्या अगदी मागे, मधोमध असलेली गुलाबी-लाल गाठ ही कधी कधी गाठ नसतेच. ती थायरॉइड ग्रंथी असते. गर्भात ही ग्रंथी जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून खाली गळ्यात उतरते. क्वचित एखाद्या बाळात ती उतरतच नाही. मुलींत हे जास्त आढळते आणि अनेकदा वयात येताना ही ग्रंथी मोठी होऊन लक्षात येते. अशा बहुतेक मुलांच्या शरीरात थायरॉइड तेवढीच असते. गाठ समजून ती काढली, तर मुलाला आयुष्यभर थायरॉइडची गोळी घ्यावी लागते आणि हे लक्षातच आले नाही तर त्याची उंची, अभ्यास, सगळ्यावर परिणाम होतो. गळ्याची सोनोग्राफी करून थायरॉइड तिच्या जागी आहे ना, हे पाहणे आणि रक्तातील थायरॉइडची तपासणी करणे इतकेच आधी करायचे असते. दोन साध्या तपासण्यांनी एवढे मोठे नुकसान टळते.

दुसरी गाठ रोहिणी आणि शिरा थेट जोडल्या गेल्यामुळे झालेली. तिच्यावर बोट ठेवले, की नाडीसारखी धडधड लागते. जबड्यात अशी गाठ असताना नुसता हलणारा दात काढला, तरी रक्त थांबवणे कठीण होते. अशा मुलाला छोट्या दवाखान्यात बायोप्सीसाठीही टोचू नये. रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी किंवा एमआरआय करून, रक्ताची सोय असलेल्या रुग्णालयातच पुढचे पाऊल उचलावे.

आणि काही लक्षणे दिसली, तर 'साधीच असेल' असे समजून थांबू नये. आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होणारी, दगडासारखी कडक, त्या भागात बधिरपणा आणणारी किंवा पक्के दात हलवणारी गाठ. तीन आठवड्यांत न भरणारा व्रण. गाठीबरोबर ताप, वजन घटणे किंवा मानेत वाढलेल्या गाठी. मुलांच्या तोंडात कर्करोग क्वचितच होतो. पण यांपैकी काहीही दिसले, तर काही दिवसांतच तपासणी व्हायला हवी.

घरी आल्यावर

बधिर केलेला ओठ मुलाला वेगळा वाटतो, म्हणून ते तो चावत बसते आणि नवी जखम करून घेते. पुढचे दोन-तीन तास मुलावर लक्ष ठेवावे आणि बधिरपणा जाईपर्यंत काही चावायला देऊ नये. पहिले काही दिवस थंड, मऊ जेवण द्यावे. मऊ दही-भात, गार खिमट, केळे, ताक चालते. तिखट, आंबट, गरम पदार्थ, फरसाण आणि चिप्स टाळावेत. दुखत असेल तर वजनानुसार पॅरासिटामॉल पुरते. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये आणि लहान बाळांना बधिर करणारे जेल मनाने लावू नये.

एक-दोन दिवसांत जखमेवर पिवळसर पांढरा थर येतो. तो पू समजून पालक घाबरतात आणि कापसाने पुसून काढतात. तो थर म्हणजे जखमेची खपली असते. तोंड ओले असल्यामुळे ती बाहेरच्या खपलीसारखी काळी दिसत नाही. ती काढू नये. दोन-तीन आठवड्यांत जखम भरते. दाबूनही न थांबणारे रक्त, वाढत जाणारी सूज, ताप किंवा गिळायला-श्वासाला त्रास झाल्यास मात्र लगेच रुग्णालयात यावे. आणि ओठ चावण्याची सवय किंवा टोकदार दात हे कारण असेल, तर त्यावरही उपाय करून घ्यावा. नाहीतर त्याच जागी नवी गाठ येते.

कुठे जावे, काय विचारावे

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात देशात २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथून झाली. या कार्यक्रमातील वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा मुलांची तपासणी करते. मुलाच्या तोंडात काही आढळले असेल, तर पथक येते त्या दिवशी त्याला घरी ठेवू नये. तिथून जिल्हा रुग्णालयात पाठवण्याची सोय असते. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांतील बालशल्यचिकित्सा आणि कान-नाक-घसा विभागातही ही तपासणी होते. ऑपरेशन शासकीय योजनेत बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे.

डॉक्टरांना काही प्रश्न विचारायला संकोच करू नये. ही गाठ कसली वाटते? ती न काढता काही आठवडे पाहता येईल का? काढायची तर लेझरच का आणि कोणते? भूल कोण देणार? काढलेला तुकडा तपासायला पाठवणार ना? गाठ पुन्हा आली तर पुढे काय? चांगले डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत.

शेवटची गोष्ट कागदाची. ऑपरेशन झाले, ओठ बरा झाला, मूल शाळेत जाऊ लागले, की पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आणायला पुन्हा रुग्णालयात जाणे अनेक घरांत राहून जाते. तो रिपोर्ट आणावा, डॉक्टरांना दाखवावा आणि मुलाच्या लसीकरणाच्या कार्डाबरोबर जपून ठेवावा. गाठ साधी होती, हे त्या कागदावर लिहिलेले वाचल्यावरच उपचार पूर्ण झाला असे समजावे.